बसराईपासून ग्रँड नैनपर्यंत : खानदेशातील केळीचे वाण

सातपुड्याचा पायथा आणि तापीचे पात्र यांच्यामध्ये पूर्व-पश्चिम पसरलेली गाळाची पट्टी ही महाराष्ट्रातील केळीची मुख्य भूमी. जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर, रावेर, यावल, चोपडा, पुढे धुळे जिल्ह्यातील शिरपूर आणि त्याच्याही पलीकडे शहादे-तळोदे. हे शेवटचे दोन तालुके १९९८ साली नंदुरबार जिल्हा झाला तोवर धुळ्याचेच होते. राज्याची सीमा ओलांडली की लगेच मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर लागते आणि तिथेही केळीचीच बाग दिसते.

खरे तर हे पीक या मातीत यायला नको होते. केळ दमट हवेत रमणारी आणि बारा महिने पाणी मागणारी. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, जानेवारीच्या पहाटे तो १० अंशांच्या खाली उतरतो आणि पाऊस वर्षाकाठी जेमतेम ७०० मिलिमीटरच्या आसपास. तरीही जळगाव हा देशातील अग्रगण्य केळी जिल्हा आहे. तापीच्या खोऱ्यात साचलेला गाळाचा जाड थर आणि सातपुड्याच्या पायथ्याचा, पावसाचे पाणी जमिनीत मुरवणारा दगडगोट्यांचा बझाडा पट्टा यांनी विहिरींना पाणी पुरवले. कमी पडले ते ठिबकने भरून काढले.

या बागांत हिंडताना बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी, अर्धापुरी, ग्रँड नैन अशी नावे कानावर येतात. आंब्याच्या हापूस, केसर, लंगडा यांसारखे हे निरनिराळे वाण असावेत असे वाटते. तसे ते नाहीत. ही सगळी एकाच कुळातील भावंडे आहेत आणि त्यांतील एकही बीपासून जन्मलेले नाही. खानदेशातील केळीचे नवल इथूनच सुरू होते.

बी नसलेल्या फळाचे वाण कसे होतात?

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात केळ हे झाड नाही. ती जगातील सर्वांत मोठ्या शाकीय वनस्पतींपैकी एक आहे. आपण ज्याला खोड म्हणतो ते एकावर एक घट्ट गुंडाळलेल्या पानांच्या देठांचे वेष्टन असते. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. योग्य वेळ आली की या कंदातून फुलाचा दांडा निघतो, पोकळ वेष्टनातून वर चढतो आणि शेंड्यातून बाहेर पडतो. शेतकरी याला केळ निसवली म्हणतो. जांभळट कमळाची एकेक पाकळी उचलली जाते आणि तिच्याखाली एकेक फणी उघडी पडते. घड कापला की त्या खोडाचे आयुष्य संपले. पुढचे पीक बुडातून फुटलेल्या पिलावर.

रानातल्या केळीला बिया असतात, आणि त्याही हरभऱ्याएवढ्या, काळ्या आणि दातांना दाद न देणाऱ्या. सह्याद्रीच्या कड्यांवर उगवणारी कवदर किंवा चवई ही केळीची चुलत बहीण तर केवळ बीवरच वाढते, तिला पिले फुटतच नाहीत. खाण्याच्या केळीत मात्र बी धरत नाही. रानटी केळीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे २२ गुणसूत्रे असतात. आपल्या बहुतेक खाण्याच्या केळींत तीन संच, म्हणजे ३३. तीन संचांची दोन समान वाटण्यांत विभागणी होत नाही, त्यामुळे सशक्त परागकण आणि बीजांडे तयार होत नाहीत. शिवाय परागीभवन न होताच फळ भरण्याचा गुण या केळीत आहे. केळे आडवे कापल्यावर मधोमध दिसणारे बारीक काळे ठिपके म्हणजे वाढ खुंटलेल्या त्याच बियांच्या खुणा.

बी नाही म्हणजे संकरही सहजासहजी नाही. मग वाण येतात कुठून? पिलातून पील, त्या पिलातून पुढचे पील असा हजारो वर्षांचा सिलसिला चालू असताना एखाद्या पिलाच्या पेशीत आपोआप बदल घडतो. झाड थोडे उंच होते, फण्या थोड्या दूर सरकतात, सालीचा रंग पालटतो. डोळस शेतकऱ्याच्या नजरेला ते वेगळेपण दिसते, तो ते पील जपतो, शेजारी मागून नेतात आणि नवा वाण रूढ होतो. लाल केळीच्या बागेत अधूनमधून हिरव्या सालीचा घड देणारे झाड निघते, तो याच प्रकारचा बदल.

'ए' आणि 'बी' : केळीची दोन मूळ रक्ते

जगातील खाण्याच्या केळींपैकी बहुतेक सगळ्या दोन रानटी पूर्वजांपासून उतरल्या आहेत. एक म्युसा ॲक्युमिनाटा, तिला शास्त्रज्ञ 'ए' म्हणतात. दुसरी म्युसा बालबिसियाना, ती 'बी'. सिमंड्स आणि शेफर्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९५५ साली या केळींच्या वर्गवारीची सोपी रीत मांडली. झाडाची १५ लक्षणे घ्यायची, प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे. पूर्णपणे 'ए'सारखे असेल तर १, पूर्णपणे 'बी'सारखे असेल तर ५. बेरीज १५ च्या जवळ आली तर झाड शुद्ध 'ए' रक्ताचे, ७५ च्या जवळ आली तर 'बी' रक्ताचे आणि मध्ये कुठे आली तर मिश्र. आज जनुकांची थेट तपासणी होते, तरी एएए, एएबी, एबी ही गटांची नावे त्याच पद्धतीतून आली आहेत.

यातले एक लक्षण कुणालाही बागेत उभ्या उभ्या पाहता येईल. पानाच्या देठाला वरच्या बाजूने पन्हळीसारखी खाच असते. ग्रँड नैनच्या देठाची ही पन्हळ उघडी आणि कडा बाहेर वळलेल्या दिसतात. 'बी' रक्त जितके जास्त तितक्या या कडा आत वळून एकमेकींना भिडतात. खोडाकडेही पाहावे. 'ए' रक्ताच्या खोडावर तपकिरी-काळे डाग भरपूर असतात, 'बी' रक्ताच्या खोडावर अगदी तुरळक.

साधारण नियम असा की 'ए' रक्त फळाला गोडी आणि मऊपणा देते, तर 'बी' रक्त झाडाला काटकपणा, पाण्याचा ताण सोसण्याची ताकद आणि फळाला पिठूळपणा देते. खानदेशातील व्यापारी केळी जवळजवळ संपूर्णपणे एएए गटातील कॅव्हेंडिश कुळाची आहे.

कॅव्हेंडिश : इंग्रज सरदाराच्या काचघरातून जगभर

या कुळाचे मूळ दक्षिण चीनकडचे. तिथून ते मॉरिशसला पोहोचले आणि १८३० च्या सुमारास त्याची रोपे इंग्लंडला आली. डेव्हनशरचे सहावे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांच्या चॅट्सवर्थ येथील काचघरात जोसेफ पॅक्स्टन या बागप्रमुखाने एक रोप वाढवले. १८३५ साली ते निसवले आणि मालकाचे नाव त्याला चिकटले. पुढे जॉन विल्यम्स नावाच्या मिशनऱ्याने यातील पिले प्रशांत महासागरातील सामोआ बेटावर नेली आणि तिथून ती आसपासच्या बेटांवर पसरली.

ड्यूकच्या काचघरातली ती ठेंगणी केळ आणि खानदेशची बसराई या एकाच वाणाच्या, इंग्रजीत तिला ड्वार्फ कॅव्हेंडिश म्हणतात. आपल्या देशात ती ठिकठिकाणी निरनिराळ्या नावांनी नांदते. आसामात जहाजी, बंगालात काबुली, दक्षिणेत मॉरिशस, आणि इतर प्रांतांत कुठे कुठे चक्क भुसावळी.

बसराई : ठेंगणी, जाड सालीची, सोशिक

खानदेशाला केळीचे नाव मिळवून दिले ते बसराईने. झाड दीड ते पावणेदोन मीटर उंच. पाने आखूड देठांची, दाटीने एकत्र आलेली, त्यामुळे झाड शेंड्याशी गुच्छासारखे दिसते. ओळखीची आणखी एक खूण घडाच्या दांड्यावर असते. फळांच्या खाली उतरणाऱ्या दांड्यावर नरफुले आणि कमळाच्या पाकळ्या सुकून तशाच चिकटून राहतात. बाकीच्या अनेक वाणांत त्या गळून दांडा उघडा पडतो.

ठेंगणेपणाचे मोल वादळात कळते. मे-जूनच्या वावटळीत उंच केळी कमरेत मोडतात, बसराई बरीचशी उभी राहते. तिला दीड बाय दीड मीटरवर लावता येते, म्हणजे हेक्टरी ४,४४४ झाडे. साल जाड असल्याने बैलगाडीतून रेल्वे स्थानकापर्यंत आणि तिथून वाघिणीतून उत्तरेकडे असा धक्क्यांचा प्रवास तिने पिढ्यान् पिढ्या सोसला. गर गोड, मऊ आणि वासाला चांगला.

पण उणिवाही ठेंगणेपणातूनच येतात. घड साधारण १५ ते २० किलोचा, फण्या सहा-सात आणि त्या एकमेकींना खेटून. कडाक्याच्या थंडीत निसवण झाली तर दांडा गळ्यातच अडकतो आणि घड अर्धवट बाहेर येतो. मुनव्यांपासून, म्हणजे पिलांपासून, लावलेली बाग पूर्वी १८ महिने शेत अडवून ठेवायची. उन्हाळ्यात पिकवलेले फळ तर पिवळेच होत नसे, आत पिकून गोड झालेले आणि बाहेरून हिरवट. यामागचे कारण मजेशीर आहे, त्याकडे पुढे येऊ.

मधली भावंडे

बसराईपेक्षा उंच आणि ग्रँड नैनच्या आधीचे असे काही कॅव्हेंडिश वाण महाराष्ट्रात रुजले. वसईकडची हरीसाल, जिला इतरत्र रोबस्टा किंवा बॉम्बे ग्रीन म्हणतात, ही मध्यम उंचीची. घड २५ किलोंपर्यंत जातो, पण फळ पिकल्यावर लवकर मऊ पडते आणि फणीपासून सुटते. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरच्या परिसरात जपलेली अर्धापुरी, आणि खानदेशात काही काळ पसंतीस उतरलेल्या श्रीमंती व महालक्ष्मी यांनी शेतकऱ्याला बसराईपेक्षा भारी घड दिला. श्रीमंतीच्या फण्यांत अंतर जास्त, त्यामुळे केळी एकमेकींवर दबत नाहीत आणि सरळ भरतात.

या साऱ्यांच्या गराची चव डोळे मिटून सांगायला सांगितली तर जाणकारही गोंधळेल. फरक आहे तो झाडाची उंची, घडाची बांधणी, फळाची लांबी आणि टिकाऊपणा यांत. व्यापारी केळीचा वाण जिभेवर ठरत नाही, तो शेतात आणि ट्रकमध्ये ठरतो.

ग्रँड नैन : प्रयोगशाळेतून आलेली राणी

आज खानदेशातील बहुतेक नवी लागवड ग्रँड नैनची, शेतकऱ्याच्या तोंडी जी-नाइन, आणि तीही टिश्यू कल्चर रोपांची. १९९० च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने हा वाण आणि ऊतिसंवर्धनाचे तंत्र मोठ्या प्रमाणावर शेतकऱ्यांपर्यंत नेले. कंपनीचे संस्थापक भवरलाल जैन यांच्या उद्योगाची सुरुवातच केळीशी जोडलेली आहे. १९७८ साली त्यांनी केळीच्या भुकटीचा एक बंद पडलेला कारखाना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन बनवायला सुरुवात केली. पुढे ठिबक आले आणि ठिबकच्या जोडीने रोपे आली.

टिश्यू रोप तयार होते ते असे. निरोगी, भरघोस घड देणाऱ्या झाडाचे तलवारीसारख्या अरुंद पानांचे मुनवे निवडतात. कंदाचे थर सोलत सोलत मधला इवलासा कोंब काढतात. निर्जंतुक काचपात्रात पोषक जेलीवर तो वाढवतात. एका कोंबाला अनेक कोंब फुटतात, ते वेगळे करून पुन्हा वाढवतात. मग मुळे फुटवतात आणि हरितगृहात हवेची सवय लावून शेतकऱ्याला देतात. विषाणूंची तपासणी केलेल्या मातृवृक्षापासून काम सुरू झाले असेल तर रोप रोगमुक्त मिळते. सर्वांत मोठा लाभ एकसारखेपणाचा. मुनवे लहानमोठे, कोवळे-जून असतात, त्यामुळे बाग पुढेमागे निसवते आणि कापणी महिनोन्‌महिने रेंगाळते. टिश्यूची बाग एकदम निसवते, एकदम कापणीला येते आणि व्यापाऱ्याला भरगच्च ट्रक मिळतो. या पद्धतीतही मर्यादा आहे. एकाच कोंबापासून फार वेळा पुनरुत्पादन केले तर विकृत झाडे निघण्याचे प्रमाण वाढते, म्हणून किती फेऱ्या घ्यायच्या यावर चांगल्या प्रयोगशाळा बंधन पाळतात.

ग्रँड नैनचे झाड दोन ते अडीच मीटरचे, म्हणजे बसराईपेक्षा हातभर उंच पण पेलवणारे. घड २५ ते ३० किलोचा, उत्तम निगराणीत त्याहूनही भारी. फण्या आठ ते दहा, मोकळ्या आणि सारख्या अंतरावर. केळी लांब, कमी बाकदार, आणि योग्य तापमानाला पिकवली की घडभर एकसारखी पिवळी. लागवडीपासून ११-१२ महिन्यांत कापणी. १८ महिन्यांचे पीक वर्षावर आले आणि घड दीडपट झाला, तेव्हा बसराई मागे पडली यात आश्चर्य नाही.

पण तिचे लाड पुरवावे लागतात. ठिबकमधून विद्राव्य खते रोजच्या हिशेबात द्यावी लागतात. घड भारी असल्याने खोडाला पट्ट्यांनी किंवा बांबूने आधार द्यावा लागतो. निर्यातीचा माल करायचा तर शेवटच्या कमकुवत फण्या काढून टाकायच्या, केळीच्या टोकाची सुकलेली फुले वेचायची आणि घडाला स्कर्टिंग बॅग घालायची. कमी खर्चात, कमी पाण्यात जेमतेम पीक काढायचे असेल तर ग्रँड नैन निराशा करते.

हंगाम आणि बाजार

वाणाची तुलना हंगामाशिवाय अपुरी राहते. खानदेशात लागवडीचे दोन मुख्य हंगाम. जून-जुलैची लागवड ती मृगबाग, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची ती कांदेबाग. मृगबागेचे झाड वाढीच्या ऐन भरात असताना हिवाळा गाठतो. पारा १० अंशांखाली गेला की मुळे काम करीत नाहीत, पाने पिवळी पडून कडा करपतात. याला इथे चरका म्हणतात. कांदेबागेची रोपे लहानपणीच थंडी सोसतात आणि पुढे मेच्या उन्हाला तोंड देतात. बांधावर शेवरी, गजराज गवत किंवा हिरव्या जाळीचा आडोसा बहुतेक बागांना असतो, तो उष्ण वारे थोपवण्यासाठी.

बाजारात भाव निघतो तो नवती आणि पिलबाग अशा प्रतींचा. नव्या लागवडीचे पहिले पीक नवती, कापलेल्या खोडाच्या पिलावरचे पिलबाग. त्यामुळे एकाच शेतातील एकाच वाणाला दोन वर्षांत दोन भाव मिळतात. रावेर, सावदा, निंभोरा या स्थानकांतून दिल्लीच्या आदर्शनगरकडे केळीच्या रेल्वेगाड्या जातात आणि उत्तर भारतातील थंडी-ऊन, सणवार यांवर रावेरचा भाव हलतो.

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली. निर्यातीत आज सोलापूर जिल्ह्यातील करमाळा-माढा पट्ट्याने मोठी आघाडी घेतली आहे. वाण तोच, ग्रँड नैन. तिथल्या शेतकऱ्याने घडाच्या निगराणीवर आणि शेतातून थेट पॅकिंग व शीतगृहावर भर दिला. एकाच वाणाचे दोन जिल्ह्यांत दोन भाव होतात ते यामुळे.

हिरवे की पिवळे?

बसराई उन्हाळ्यात हिरवीच का राहते? केळे पिकताना दोन गोष्टी एकाच वेळी व्हाव्या लागतात. गरातील पिठाची साखर होणे आणि सालीतील हरितद्रव्य नाहीसे होणे. कॅव्हेंडिश कुळात तापमान २४-२५ अंशांच्या वर गेले की पहिली क्रिया जोरात चालते आणि दुसरी रखडते. गर गोड आणि मऊ होतो, साल मात्र हिरवट राहते. १६ ते १८ अंशांना, इथिलीन वायूच्या नियंत्रित मात्रेत पिकवली की दोन्ही क्रिया बरोबरीने होतात आणि सोन्यासारखा रंग येतो. रायपनिंग चेंबर करतो ते एवढेच.

म्हणजे उन्हाळ्यात हातगाडीवर दिसणारी हिरवट पण मऊ केळी कच्ची असतात असे नाही. उलट ऐन मेमध्ये उघड्यावर झळझळीत पिवळी आणि तरीही टणक केळी दिसली तर ती कशाने पिकवली हे विचारावे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे.

मिश्र रक्ताची केळी : चवीत वरचढ, तराजूत हलकी

कॅव्हेंडिशच्या बाहेरचे जग पाहायचे तर सह्याद्री उतरून कोकणात जावे लागते. नारळी-पोफळीच्या सावलीत वाढणारी सफेद वेलची ही एबी गटाची. कर्नाटकात हिलाच येलक्की म्हणतात. फळ बोटाएवढे, साल कागदासारखी पातळ, गर घट्ट आणि किंचित आंबूस झाक असलेला गोड. घड कॅव्हेंडिशच्या मानाने बराच लहान, म्हणून दर दुप्पट-तिप्पट असला तरी वजनाचा हिशेब जेमतेम बसतो. लाल वेलची एएबी गटातील. तिचा घड घट्ट बांधणीचा आणि फळ आंबट-गोड.

राजेळी हीही एएबी, केरळच्या नेंद्रनची सख्खी. केळे लांब, जाड, कोनदार आणि टोकाला निमुळते. फण्या पाच-सहाच. पिठूळ गरामुळे ती कच्ची असताना वेफर्सला, पिकल्यावर तुपात परतायला आणि सुकवायला उत्तम. वसई-आगाशीची सुकेळी या राजेळीचीच. पिकलेली केळी सोलून दिवसेंदिवस उन्हात सुकवायची, रोज रात्री झाकून घाम येऊ द्यायचा आणि मधाच्या रंगाची झाली की केळीच्या सोपटात बांधायची. यात साखर घालत नाहीत. सावदा-फैजपूरकडे मिळणारे केळीचे वेफर्स मात्र कच्च्या कॅव्हेंडिशचे. ते पातळ, हलके आणि किंचित गोडसर होतात, नेंद्रनच्या वेफर्सचा खुसखुशीत पिठूळपणा त्यांत येत नाही.

लाल केळ हा वाण एएए गटाचाच, पण कॅव्हेंडिश नव्हे. साल गर्द तांबडी, गर फिकट नारिंगी आणि सुवासिक. ती तयार व्हायला कॅव्हेंडिशपेक्षा कितीतरी जास्त महिने लागतात. कलबुर्गी जिल्ह्यातील कमलापूरच्या लाल केळीला भौगोलिक मानांकन आहे. गोव्यातील मिंडोळी केळीलाही ते मिळाले आहे. नंजनगुडची रसबाळे, तमिळनाडूतील डोंगरी विरुपाक्षी हीही मानांकित केळी. यातील प्रत्येक वाण आपल्या मुलखाबाहेर गेला की हिरमुसतो, म्हणूनच कॅव्हेंडिशसारखा तो सर्वत्र पसरला नाही.

एकाच वाणावर सगळा डाव

केळीच्या इतिहासात एक मोठा धडा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेत खाल्ले जाणारे केळे कॅव्हेंडिश नव्हते. ते ग्रो मिशेल होते. जाड सालीचे, टिकाऊ आणि चवीला कॅव्हेंडिशपेक्षा सरस म्हणून नावाजलेले. मध्य अमेरिकेत हजारो हेक्टरांवर तेवढा एकच वाण होता. फ्युजेरियम नावाच्या बुरशीने होणाऱ्या पनामा मर रोगाने त्या बागा एकामागून एक झोपवल्या. ही बुरशी मातीत दशकानुदशके जिवंत राहते, फवारणीने मरत नाही. १९६० च्या सुमारास व्यापाऱ्यांनी ग्रो मिशेल सोडून रोगाला दाद न देणाऱ्या कॅव्हेंडिशला जवळ केले.

आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. आग्नेय आशियातून निघून तो २०१९ मध्ये कोलंबियात, २०२१ मध्ये पेरूमध्ये पोहोचला. भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशातील बागांत तो आढळला आहे. जगात पिकणाऱ्या केळीपैकी निम्म्याच्या आसपास आणि निर्यात होणाऱ्या केळीपैकी जवळजवळ सगळी कॅव्हेंडिश आहे, आणि सगळी कॅव्हेंडिश जनुकांनी इतकी सारखी की जे एकीला मारते ते सर्वांना मारू शकते.

खानदेशाला याची चुणूक दुसऱ्या रोगाने दिली आहे. काकडीवर्गीय पिकांतून माव्याच्या मार्फत येणारा कुकुंबर मोझॅक विषाणू, म्हणजे इथला हरण्या. ढगाळ, पावसाळी हवेत लहान टिश्यू रोपांवर तो आला की पानांवर पिवळे पट्टे पडतात, पोंगा, म्हणजे मधले गुंडाळलेले कोवळे पान, सडतो आणि शेतकऱ्याला उभी लागवड उपटून फेकावी लागते. बाग एकाच वयाची आणि एकाच वाणाची असल्याने रोग अडायला मध्ये काहीच नसते. जळगावचे केळी संशोधन केंद्र, जे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा भाग आहे, आणि तिरुचिरापल्लीचे राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र रोगप्रतिकारक वाण निवडण्याचे, देशभरातील वाण जपण्याचे काम करतात. तैवानमध्ये टिश्यू कल्चरमधूनच आपोआप निपजलेली, टीआर-४ ला बरीच दाद न देणारी कॅव्हेंडिशची रोपे निवडण्यात आली आहेत. मार्ग आहे, पण तो सावकाश जाणारा.

मग कोणता वाण चांगला?

दूरच्या बाजारासाठी, हुकमी वजन आणि एकसारखा माल हवा असेल, पाणी व भांडवल असेल तर ग्रँड नैनला आज पर्याय नाही. वाऱ्याच्या माऱ्यातल्या, कमी खर्चाच्या शेतात बसराईचा ठेंगणेपणा आजही कामाला येतो. ताटातल्या चवीसाठी सफेद वेलची, स्वयंपाकासाठी आणि सुकवण्यासाठी राजेळी, कौतुकासाठी लाल केळ.

शेतकऱ्यांनी दोन पथ्ये पाळावीत. मुनवे आणि रोपे परप्रांतातून, विशेषतः रोगग्रस्त भागांतून, मुळीच आणू नयेत, आणि दुसऱ्याच्या बागेत वापरलेले विळे, कुदळी धुतल्याशिवाय आपल्या बागेत नेऊ नयेत. टीआर-४ ची बुरशी चिखलाने माखलेल्या बुटावरूनही प्रवास करते. बांधाच्या कडेला वेलचीची, राजेळीची चार-दोन झाडे राखली तर त्यात तोटा काही नाही, आणि वाण जपले जातात.

खाणाऱ्यांनीही एक करावे. बाजारात वेलची, राजेळी किंवा लाल केळी दिसली की चार पैसे जास्त देऊन घ्यावीत. मागणी राहिली तरच हे वाण शेतात राहतील, आणि उद्या कॅव्हेंडिशवर संकट आले तर पर्याय म्हणून हाताशी असतील.